पंच, फासा आणि नियमांचे पुस्तक

मेजाभोवती चारपाच जण बसलेले असतात. कोणी स्वतःला योद्धा म्हणवितो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पुढ्यात कागद, पेन्सिली आणि चमत्कारिक आकारांचे काही फासे पडलेले असतात. मेजाच्या टोकाशी बसलेला आणखी एक गृहस्थ मात्र कोणा एकाचे सोंग घेत नाही. उरलेल्या साऱ्या जगाचे सोंग त्याच्याकडे असते. दार उघडल्यावर आत काय दिसले, हे तो सांगतो. राक्षसाच्या वतीने तो बोलतो, सरायवाल्याच्या वतीनेही तोच बोलतो, आणि तलवारीचा घाव बसला की हुकला याचा निवाडाही त्याच्याच तोंडून व्हावयाचा असतो. या खेळाला भूमिका-खेळ म्हणतात आणि या गृहस्थाला गेम मास्टर. मराठीत त्याला सूत्रधार म्हणावे हे बरे. मात्र नाटकातील सूत्रधार नांदी आटोपून विंगेत निघून जातो, तसे भाग्य याच्या वाट्याला येत नाही.

या आसनावर प्रथमच बसणाऱ्याची त्रेधा पाहण्यासारखी असते. एखादा खेळाडू सहज म्हणून जातो की, आपण झुंबराला लोंबकळून पलीकडच्या सज्जावर उडी घेत आहोत. नियमांच्या पुस्तकात झुंबराविषयी अवाक्षर नसते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, ते कोठेतरी असते, सूत्रधाराला आठवत नसते आणि खेळाडूला मात्र पृष्ठांकासह पाठ असते. सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. पुस्तक चाळीत बसावे तर रंगलेला डाव थंडावतो. मनास येईल तो निकाल द्यावा तर पक्षपाताचा आरोप येतो. ही अडचण त्या बिचाऱ्याला स्वतःच्या अननुभवाची वाटते. वस्तुतः ती त्याच्याहून फार जुनी आहे. दोनशे वर्षांपूर्वी प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी याच प्रश्नावर डोके शिणविले होते, आणि आजच्या सूत्रधाराचे आसन थेट त्यांच्या मेजापासून चालत आलेले आहे.

या वंशावळीचा अगदी वरचा धागा भारतात पोहोचतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगे असलेला चतुरंग पश्चिमेकडे गेला आणि बुद्धिबळ होऊन युरोपात रुजला. १७८० साली ब्रुन्सविक येथील हेल्विग नावाच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून, घरांना डोंगर, नदी, दलदल असे रंग देऊन त्याचा युद्धखेळ बनविला. परंतु तो शेवटी बुद्धिबळाचाच अवतार. घरे मोजलेली, चाली ठरलेल्या. बुद्धिबळात घोडा अडीच घरे जातो की नाही, हा वादाचा विषयच नसतो. म्हणून तेथे पंच असला काय आणि नसला काय, सारखेच.

पंचाची गरज निर्माण केली ती राइस्वित्स नावाच्या पितापुत्रांनी. पिता प्रशियाचा मुलकी अधिकारी. त्याने घरांचा पट टाकून दिला आणि खऱ्या भूमीप्रमाणे उंचसखल असा देखावा मेजावर मांडता येईल, अशी योजना केली. १८१२ साली त्याने राजा तिसऱ्या फ्रीडरिख विल्हेल्मला एक देखणे मेज नजर केले. त्यातील तुकडे जुळवून हवा तो प्रदेश उभा करता येई. राजवाड्यात त्याचे कौतुक झाले, पण ते राजवाड्यापुरतेच राहिले. खेळाला खरे रूप दिले ते पुत्राने. हा तोफखान्यातील तरुण लेफ्टनंट. १८२४ साली त्याने आपले नियम प्रसिद्ध केले. मेजाऐवजी आता एकास आठ हजार या प्रमाणाचा नकाशा आला, पलटणींच्या जागी धातूच्या लहान पट्ट्या आल्या, आणि प्रत्येक डाव म्हणजे लढाईतील दोन मिनिटे, असे ठरले.

यातील खरी नवलाई पंचाच्या जागेत होती. दोन्ही बाजूंचे सेनापती आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे देत. शत्रूच्या दृष्टीस पडतील तेवढ्याच तुकड्या पंच नकाशावर ठेवी. टेकडीआड दडलेले घोडदळ त्याला एकट्याला ठाऊक असे. म्हणजे रणांगणावरचे अज्ञान, जे बुद्धिबळात कधीच नसते, ते प्रथमच खेळात उतरले आणि त्या अज्ञानाचा राखणदार पंच झाला. राइस्वित्सने त्याला दिलेले नाव मोठे सूचक आहे. जर्मन भाषेतील त्या शब्दाचा अर्थ न्यायाधीश असा होत नाही. ज्याच्यापाशी गुपित ठेवावे असा विश्वासू, असा होतो. दोन्ही पक्ष आपले बेत ज्याच्या कानात सांगतात, तो विश्वासू. परंतु एवढ्या विश्वासावरही राइस्वित्सने सारे सोपविले नाही. गोळीबारात किती माणसे पडली हे ठरविण्यासाठी त्याने खास फासे केले आणि कोष्टके जोडली. पंचाने एका बाजूची भीड धरली, असे कोणी म्हणू नये, ही त्यामागची दृष्टी.

प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्युफ्लिंग याच्यापुढे या खेळाचा प्रयोग झाला. आरंभी तो थंडपणे पाहत होता. खेळ पुढे सरकला तसा तो इतका रंगला की, हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, असा अभिप्राय देऊन त्याने सैन्यात त्याची शिफारस केली. खुद्द राइस्वित्सच्या नशिबी मात्र सुख नव्हते. त्याची दूरच्या ठाण्यावर बदली झाली आणि १८२७ साली त्याने स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला. खेळ त्याच्यामागे जगला. १८६६ आणि १८७०-७१ च्या युद्धांत प्रशियाने मिळविलेले विजय पाहून इतर देशांच्या सैन्यांनीही तो उचलला.

विजयाबरोबर मागणी वाढली आणि मागणीबरोबर एक विचित्र टंचाई निर्माण झाली. खेळणारे पुष्कळ, पंच मिळेनात. १८७३ साली मेकेल नावाच्या अधिकाऱ्याने या खेळावर एक प्रबंध लिहिला. त्यातील तक्रारी आजच्या कोणत्याही नवशिक्या सूत्रधाराला आपल्याच वाटतील. नियम पंचाचे हात बांधतात, त्यामुळे त्याचे ज्ञान वाया जाते. युद्धात घडू शकणाऱ्या साऱ्या गोष्टी कोणत्याही नियमांत मावणे शक्य नाही. मेलेल्यांची मोजदाद करता करता डाव रखडतो, आणि त्या आकड्यांनी सेनापतीच्या निर्णयात फारसा फरकही पडत नाही. आणि शेवटची, सर्वांत कळीची तक्रार अशी की, एवढे नियम शिकण्याचे कष्ट घ्यावयास अधिकारी तयारच होत नाहीत.

मेकेलने थोडी काटछाट सुचविली. १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ याने तर मुळावरच घाव घातला. मोल्टकेच्या हाताखाली त्याने दोन युद्धे पाहिली होती. कोष्टके नकोत, गणिते नकोत, फासेदेखील नकोत; अनुभवी पंचाने परिस्थिती पाहावी आणि काय घडले ते सांगावे, असे त्याचे म्हणणे. या पद्धतीला मुक्त युद्धखेळ असे नाव मिळाले. खेळ झपाट्याने चालू लागला, यात शंका नाही. परंतु लगेच दुसऱ्या बाजूने ओरड झाली की, पंच लहरीने निकाल देतात, आणि ज्याला युद्धाचा अनुभवच नाही अशा पंचाने अनुभवावरून निवाडा करावा तरी कसा? व्हेर्दीची योजना व्हेर्दीसारख्यांसाठी उत्तम होती. ज्या कोष्टकांना तो अडगळ म्हणत होता, तीच नवख्या पंचाची काठी होती. ही काठी एकाच वेळी आधारही देते आणि पायातही येते. पुढच्या दीडशे वर्षांत या खेळांचे नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाला तिने गोंधळात टाकले आहे.

नियम आणि निवाडा यांची ही ओढाताण भारतीय मनाला अपरिचित नाही. सभापर्वातील द्यूताच्या प्रसंगी द्रौपदीने विचारलेला प्रश्न एका अर्थी नियमाचाच होता. युधिष्ठिराने स्वतःला आधी हरविले असेल, तर पत्नीला पणास लावण्याचा अधिकार त्याला उरला होता काय? भीष्मांसारखा ज्ञानी धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबला, आणि विकर्णाखेरीज कोणी स्पष्ट निर्णय उच्चारावयास पुढे आला नाही. त्या सभेत फासे होते, पण होते आणि नियम जाणणारेही होते. पंच नव्हता.

युद्धखेळ सैनिकांच्या हातून छंदिष्टांच्या हाती कसा आला, ही हकिकत लांबलचक आहे. एच. जी. वेल्सने १९१३ साली शिशाच्या शिपायांसाठी नियम लिहिले, तेव्हा त्याने खेळण्यातील स्प्रिंगची तोफ वापरली. जो शिपाई गोळी लागून पडला तो मेला. पंचाची कटकटच मिटली! परंतु प्रस्तुत कथेचा धागा दुसरीकडून येतो. अमेरिकन सैन्यातील चार्ल्स टॉटन या लेफ्टनंटने १८८० साली ‘स्ट्रॅटेगॉस’ नावाचा युद्धखेळाचा ग्रंथ लिहिला होता. त्यात पंचाचा अधिकार मोठा होता आणि खेळाडूला वाटेल ते करून पाहण्याची मुभा होती. जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटातील एका ग्रंथालयात हे विस्मृत पुस्तक डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती पडले.

वेस्लीच्या मित्रमंडळाला नेपोलियनच्या काळातील लढाया खेळण्याचा नाद होता. नियमांवरून वाद ठरलेला. म्हणून टॉटनचा पंच त्याला आवडला. १९६९ साली त्याने एक वेगळा बेत आखला. ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव, त्याच्या वेशीवर येऊ घातलेल्या दोन सेना. केवळ सेनापती ठेवण्याऐवजी त्याने गावातली माणसेही खेळाडूंना वाटून दिली. त्या दिवशी वीसेक मंडळी आली. आता एवढ्यांना काय द्यावे? कोणाला नगराध्यक्ष केले, कोणाला पेढीवाला, कोणाला विद्यापीठाचा कुलपती.

पुढे जे घडले ते प्रत्येक नव्या सूत्रधाराने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खेळाडूंनी वेस्लीच्या योजनेची पर्वाच केली नाही. ते आपापसांत कुजबुजू लागले, कट रचू लागले. सेना नकाशावर आल्याच नाहीत म्हटले तरी चालेल. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. द्वंद्वयुद्धाचा नियम वेस्लीपाशी नव्हता. त्याने तो तेथल्या तेथे बनविला आणि निकाल दिला. रात्री घरी जाताना त्याची खात्री होती की, आपला प्रयोग साफ फसला. मित्रांनी मात्र पुन्हा असाच खेळ कधी, म्हणून तगादा लावला. स्वतःच्या यशाला अपयश समजणारा हा बहुधा पहिला सूत्रधार; शेवटचा खास नव्हे.

त्या मंडळात डेव्ह आर्नेसन होता. वेस्लीच्या पुढच्या एका खेळात, मध्य अमेरिकेतील एका काल्पनिक राष्ट्रात, आर्नेसन क्रांतिकारकाच्या भूमिकेत होता. आपण वास्तविक अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचे आहोत, अशी थाप त्याने इतरांच्या गळी उतरविली आणि डावावर कबजा मिळविला. थाप मारण्याविषयी नियमांत काही लिहिले नव्हते. मनाई नाही म्हणजे मुभा आहे, हा अर्थ आर्नेसनने काढला आणि पंचाने तो मान्य केला. वेस्ली सैन्यसेवेसाठी गेल्यावर १९७१ साली आर्नेसनने स्वतःचा खेळ सुरू केला. ब्लॅकमूर नावाचे मध्ययुगीन संस्थान, एक किल्ला आणि त्याखाली भुयारांचे जाळे.

पहिली अडचण लगेच उभी राहिली. झुंजीसाठी आर्नेसनने गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे नियम उसने घेतले होते. त्यांत सैनिक एका घावात मरे. शेकडो शिपायांच्या लढाईत ते ठीक; पण ज्या खेळाडूने आपल्या वीराला नाव दिले, कुळी दिली, त्याला पहिल्याच फाशाला वीर गमावणे कसे रुचावे? तेव्हा आर्नेसनने नौदलाच्या युद्धखेळातून तोड काढली. जहाज जसे अनेक गोळे खाऊन मग बुडते, तसा वीरही अनेक घाव सोसून मग पडेल. आज संगणकावरील खेळांत सर्वत्र दिसणारी प्राणांकांची कल्पना अशा रीतीने एका पंचाच्या अडचणीतून लोकप्रिय झाली.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसनने विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गावी जाऊन गायगॅक्सला हा खेळ दाखविला. गायगॅक्सने आर्नेसनची टिपणे मागविली, त्यांवर आपले संस्कार केले, आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. लहानशा पेटीत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार.

ज्यांना कोणी खेळून दाखविले नाही, अशा लोकांच्या हाती या पुस्तिका पडल्या, तेव्हा खरी गंमत झाली. झुंजीत पहिला वार कोणाचा, हे त्या पुस्तिका सांगत नव्हत्या. मांत्रिकाने एक मंत्र दिवसातून एकदा वापरावा की अनेकदा, हे स्पष्ट नव्हते. पुस्तिकांच्या लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या मंडळातील युद्धखेळाडू या गोष्टी जाणतातच, असे ते धरून चालले होते. परिणाम मात्र असा झाला की, गावोगावच्या सूत्रधारांनी स्वतःचे नियम रचले. कॅलिफोर्नियातील तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मंत्रांची पद्धतच बदलली. ॲरिझोनातील केन सेंट आंद्रे याने १९७५ साली, हे नियम किचकट वाटतात म्हणून, साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा वेगळा खेळच लिहून काढला. वीस बाजूंचे फासे तेव्हा सहज मिळतही नसत. मिळत त्यांवरही शून्य ते नऊ हे आकडे दोनदा कोरलेले असत आणि दहाच्या वरचे ओळखण्यासाठी अर्ध्या बाजू खडूने रंगवाव्या लागत.

मूळ पुस्तिकांच्या शेवटी लेखकांनी वाचकांना उत्तेजनच दिले होते की, शंका आली तर आमच्याकडे धाव न घेता स्वतःच्या कल्पनेने ठरवावे. वर्षादोन वर्षांत त्यांचा सूर बदलला. संमेलनांत स्पर्धा होऊ लागल्या. निरनिराळ्या मेजांवरील खेळाडूंना गुण द्यावयाचे, तर एका मेजावर एक नियम आणि दुसऱ्यावर दुसरा, हे कसे चालावे? १९७९ साली गायगॅक्सने सूत्रधारासाठी दोनशेहून अधिक पृष्ठांचा जाडजूड ग्रंथ लिहिला. सर्वत्र एकच पद्धत असावी असा त्याचा आग्रह त्यात पानोपानी जाणवतो. आणि त्याच ग्रंथात, अखेरचा शब्द सूत्रधाराचा, असेही तो सांगतो. फासा अन्यायाने पडला तर प्रसंगी तो बाजूस ठेवण्याची मोकळीकही देतो. राइस्वित्स आणि व्हेर्दी एकाच पुस्तकात शेजारीशेजारी बसलेले पाहावयाचे असतील, तर हा ग्रंथ उघडावा. त्याच वर्षी कंपनीच्या ‘ड्रॅगन’ मासिकात जीन वेल्स यांनी वाचकांच्या शंकांना उत्तरे देणारे सदर सुरू केले. स्वतः ठरवा, असे सांगणाऱ्यांनाच पाच वर्षांत टपालाने निवाडे पाठवावे लागले.

नवख्यांची कणव आली ती इतरांना. मज्जासंस्थेचे वैद्य असलेल्या जे. एरिक होम्स यांनी १९७७ साली मूळ नियम निवडून, सोपे करून प्रारंभिक पुस्तिका सिद्ध केली. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी तिची नवी आवृत्ती केली, तीत झुंबराच्या प्रश्नाला एक सुटसुटीत उत्तर सापडते. नियमांत नसलेली गोष्ट खेळाडूला करावयाची असेल, तर त्याच्या वीराचा जो गुण तेथे उपयोगी पडेल, बळ असो वा चपळाई, तो पाहावा. वीस बाजूंचा फासा टाकावा. त्या गुणाच्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी दान पडले, तर साधले. कठीण कृत्य असेल तर दानात थोडी भर घालावी, सोपे असेल तर वजाबाकी करावी. पंचाला निवाड्याची मोकळीक उरते आणि फाशामुळे भीडेचा संशयही राहत नाही. मेकेलला हा तोडगा आवडला असता. दोन वर्षांनी फ्रँक मेंट्झर यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या पुस्तिकेत वाचक आधी एकटाच एक लहानसे साहस खेळतो आणि खेळता खेळता नियम शिकतो. सूत्रधाराची पुस्तिका वेगळी.

त्यानंतरही लंबक झुलत राहिला. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत उडीपासून पोहण्यापर्यंत सर्वांना नियम मिळाले आणि नियमपंडित खेळाडूंचे दिवस आले. २००८ साली मॅट फिंच यांनी एक लहान पुस्तिका लिहून जुन्या पद्धतीची बाजू मांडली. पुस्तकातील नियमापेक्षा मेजावरचा निवाडा श्रेष्ठ, हे तिचे सूत्र. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने त्या बाजूला पुष्कळ कल दाखविला. तरीही शंकांची सदरे बंद पडली नाहीत. २०२४ साली नियमांची सुधारलेली पुस्तके आली आणि त्यांच्याबरोबर नव्या शंकाही.

अनुभवी सूत्रधारांच्या वागण्यात मात्र एक समान रीत आढळते. शंका निघाली की ते घटकाभर पुस्तक पाहतात. न सापडल्यास त्या दिवसापुरता निकाल देतात, तो निकाल त्या दिवशी सर्वांना सारखाच लावतात, आणि डाव संपल्यावर खेळाडूंसह शांतपणे नियम शोधतात. चूक निघाली तर पुढच्या खेपेस सुधारतात. पहिल्या दिवशी साऱ्या नगराचा नकाशा काढून आणणारा नवखा सूत्रधार तिसऱ्या-चौथ्या बैठकीत एकाच रस्त्याचा नकाशा आणतो, कारण खेळाडू उरलेल्या रस्त्यांनी जाणारच नाहीत किंवा नगराबाहेरच पडतील, हे त्याला ब्राउनश्टाइनप्रमाणे कळून चुकलेले असते. आणि पडद्याआड फासा टाकून पडलेले दान बदलावे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे कधी ना कधी येतोच. नवखी मुलगी प्रथमच खेळावयास बसली आहे, तिचा वीर पहिल्याच खोलीत मरणार, असे दान पडले आहे. आणि ते फक्त त्यालाच दिसते आहे. काही सूत्रधार अशा वेळी दान बदलतात. काहींनी पडदा काढून टाकला आहे आणि ते फासे सर्वांदेखत टाकतात.